परळचा फ्लॅट, आयव्हीएफ आणि गेलेले ७०,४९९ रुपये

आकडा आधीच सांगते. ७०,४९९ रुपये. माझ्या खात्यातून गेले, माझ्याच हाताने गेले. आणि मी पतसंस्थेत नऊ वर्षं क्लार्क आहे, दिवसभर लोकांच्या ठेवींच्या पावत्या फाडते. हे लिहायला चार महिने लागले ते या लाजेपायीच.

आम्ही लातूरकडचे. आयव्हीएफसाठी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसाठी, मुंबईचं हॉस्पिटल ठरलं होतं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, यात सकाळी येऊन संध्याकाळी परत, असं होत नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मध्ये पुन्हा पुन्हा सोनोग्राफी, मग ट्रिगर म्हणजे बीजं पक्की करणारं शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३५ तासांनी एग पिकअप म्हणजे बीजं काढणं, पुढे तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी ट्रान्सफर म्हणजे गर्भ पिशवीत सोडणं. महिना धरूनच चालायचं. शिवाय आम्हाला लिहून दिलेली इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची होती, म्हणजे फ्रिज हवाच. परवडणाऱ्या लॉजच्या खोलीत फ्रिज नसतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे कॅन्सरचे पेशंट राहतात, त्यांची जागा आपण अडवायची नाही एवढं आम्हाला कळतं.

नातेवाईक नव्हते का? होते. डोंबिवलीला सख्खी आत्या आहे. पण आत्याला कारण सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीला कळतं. सासूबाईंना आम्ही सांगितलं होतं, माझं मुंबईत ट्रेनिंग आहे. लग्नाला आठ वर्षं झालेल्या बाईला हळदीकुंकवाला काय काय ऐकावं लागतं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना मी वेगळं काय समजावणार? कुणालाही न कळता राहायला जागा हवी होती. त्या माणसाने नेमकं तेच पकडलं.

भाड्याच्या जागांच्या एका साइटवर परळचा वन बीएचके दिसला. भाडं १८,०००, डिपॉझिट २५,०००, फ्रिज-गॅससकट. फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, आपण साताऱ्याचे, लष्करात आहोत, बदली राजस्थानला झालीय. फौजी बनून भाड्याच्या जागेचे पैसे उकळायचं हे सोंग तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं, आमच्या नोटीस बोर्डावर त्याचं पत्रक मीच टाचलंय. पण त्याने विचारलं, "एकच महिना कशाला हवाय, ताई?" आणि मी सांगून टाकलं. सख्ख्या नणंदेला जे सांगितलं नव्हतं ते. तो जरा थांबला आणि म्हणाला, "आमच्या वहिनीचंही परळलाच झालं. आता मुलगी दोन वर्षांची आहे." त्यानंतर मी काहीही तपासलं नाही.

अनोळखी माणसाला आजार, ऑपरेशन, तारीख, काही म्हणजे काही सांगू नका.

त्याने सहा फोटो पाठवले. स्वयंपाकघराच्या फोटोत फ्रिज, आणि फ्रिजच्या बाजूला भिंतीवर कॅलेंडर. नवऱ्याने फोटो मोठा करून बघितला. सोलापुरात दुकानांच्या पाट्यांवर पाहिलेली ती गोल गोल अक्षरं. "हे तेलुगू आहे. साताऱ्याच्या माणसाकडे तेलुगू कॅलेंडर?" मी म्हणाले, आधीच्या भाडेकरूचं असेल. वर म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे. तो गप्प बसला. तिथे थांबायला हवं होतं. एक व्हिडिओ कॉल, एक प्रश्न, बास. पण मी कॅलेंडर बघतच नव्हते, फ्रिज बघत होते. त्याच्या दारातल्या कप्प्यात मी मनाने इंजेक्शनचा डबा ठेवूनही झाला होता.

सोमवारी दुपारी पैसे गेले. आधी गेट पासचे २,५००. मग "खातं जोडायला" १ रुपया पाठवला, त्याचे २ परत आले. हाच तो गळ. मग भाडं १८,०००. मग डिपॉझिट २५,०००. मग म्हणाला, डिपॉझिटची एन्ट्री अडकली, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, परत येतील. टाकला. आणखी २५,००० गेले. एकूण गेले ७०,५०१, आले २. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही, हे मी काउंटरवर म्हाताऱ्या माणसांना सांगत असते. "दोन दिवसांत दिसतील ताई, बँकेचा सर्व्हर आहे."

बुधवारी पाळी आली, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. निघताना त्याचा मेसेज होता, "सावकाश या, चावी वॉचमनकडे आहे." वॉचमन म्हणाला, "या महिन्यात तुम्ही तिसरे."

दहाला सोनोग्राफी होती, ती केली. बर्फाच्या पिशवीत इंजेक्शनं हातात आली, आणि ठेवायला जागा नाही. बर्फ वितळून पिशवीतून पाणी माझ्या साडीवर ठिबकत होतं. दादरच्या एका लॉजवाल्याने काही न विचारता आपल्या काउंटरच्या फ्रिजमधल्या बाटल्या सरकवून डबा आत ठेवला. सगळ्या मुंबईत त्या दिवशी तेवढा एक माणूस भेटला.

कारण पुढचं ऐका. सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० लागायला पाऊण तास. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही. मुंबईतल्या ज्या ठाण्यात गेलो तिथे साहेब बंदोबस्तावर. हवालदाराने दहा माणसांसमोर मोठ्याने विचारलं, "महिनाभर कसली ट्रीटमेंट?" सांगावं लागलं. मागच्या बाकावरची बाई वळून माझ्याकडे बघायला लागली. मग, "तीन दिवस काय करत होतात? एवढं शिकून फसता कसे?" शेवटी काय, तर पैसे लातूरहून गेले, तिकडे जा. इंजेक्शनं चालू असताना, पोट फुगलेलं असताना चार खेपा घातल्या. गावी परतल्यावर तिकडचे म्हणाले, फ्लॅट मुंबईचा, तक्रार मुंबईत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. हे कलम पोलिसांना मी सांगायचं? छापून नेलं तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. तिसऱ्या कुठल्या तरी खात्यात ११,२०० रुपये अडवलेत म्हणे. तेही सोडवायला कोर्टाचा आदेश आणा. कुणी फसवलं त्याला पकडायला यांना वेळ नाही, मला कागदांसाठी पळवायला आहे.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला १९३० लावा, लाज नंतर. जागा बघायला कुणाला तरी पाठवा, पगारी माणूस असला तरी चालेल. गेट पासला आगाऊ पैसे मागितले की फोन ठेवा. भाडेकरार नोंदवणं महाराष्ट्रात मालकाचं काम आहे, "महिन्यासाठी कशाला करार" म्हणणारा मालक नव्हेच. हॉस्पिटलच्या समुपदेशक बाईंना राहण्याचं विचारा. त्यांच्याकडे खात्रीच्या जागांचे नंबर होते, मी विचारलंच नव्हतं. आणि बाहेर कुणी "डोनर मिळवून देतो" म्हणत आला तर उभं करू नका. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीबीज किंवा वीर्य देणारा डोनर नोंदणी झालेल्या एआरटी बँकेतूनच, म्हणजे डोनर पुरवणाऱ्या संस्थेतूनच, घ्यावा लागतो.

परवा त्याच साइटवर तेच सहा फोटो पुन्हा दिसले. नाव दुसरं, भाडं २०,०००. मी तक्रार केली, जाहिरात अजून आहे. निळसर फरशी, दोन दारांचा फ्रिज आणि त्याच्या बाजूला ते तेलुगू कॅलेंडर दिसलं, तर फोन करू नका.