नाचणी सत्त्वाचं पाकीट: कोणतं घ्यावं आणि कसं शिजवावं

दुकानात ‘नाचणी सत्त्व’ म्हणून तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे मोड आणून, वाळवून दळलेलं अख्खं पीठ. दुसरी म्हणजे तेच पीठ वस्त्रगाळ करून कोंडा काढलेलं. तिसरीत साखर, दूध पावडर, वेलची, कधी कोको घातलेलं असतं. रोज व्यायाम करणाऱ्या मोठ्या माणसाने पहिलीच घ्यावी. नाचणीतला तंतू आणि कॅल्शियमचा मोठा वाटा तिच्या तांबूस सालीत असतो, आणि वस्त्रगाळ करताना नेमकी तीच फडक्यावर राहते. बाळाच्या पेजेला मऊ, गाळलेलं पीठ योग्यच. पण पांढुरकं दिसतं म्हणून ते जास्त शुद्ध, असं समजून मोठ्यांनी जादा पैसे देऊ नयेत.

तिसरा प्रकार ओळखायला पाकिटाची मागची बाजू पुरते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर किंवा गूळ पावडर दुसऱ्या जागी असेल तर पाकीट परत ठेवा. १०० ग्रॅममागे ४० ग्रॅम साखर असेल, तर २५ ग्रॅमच्या एका वेळेत १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर पोटात जाते. तेवढी घालायचीच असेल तर घरची घाला, निदान मोजून तरी पडेल.

पाकिटावर ‘मोड आलेली’ लिहिलंय, पण खरंच मोड आणलेत का? हे घरी पाहता येतं. २५ ग्रॅम पीठ (साधारण तीन सपाट मोठे चमचे) २०० मिली गार पाण्यात कालवा आणि मंद आंचेवर सतत ढवळत तापवा. साध्या नाचणीचं पीठ खळीसारखं घट्ट होतं, गार झाल्यावर थिजतं. मोडाच्या पिठाची पेज पातळ, ओतता येईल अशीच राहते आणि चवीला किंचित गोड लागते. मोड येताना दाण्यात तयार झालेलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) तापताना स्टार्च तोडतं, म्हणून असं होतं. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर ते विकर लगेच मरतं, गुठळ्याही होतात, आणि मग चांगल्या पाकिटालाही उगाच दोष दिला जातो. दाणे फार खरपूस भाजले असतील तरी पेज घट्ट होते, त्यामुळे एवढ्यावरून लगेच फसवणूक ठरवू नका. उलट, पातळ राहतंय म्हणून आणखी पीठ घालत बसायचंही कारण नाही. त्याच पिठाची भाकरी मात्र करू नये: पीठ हाताला चिकटतं आणि भाकरी थापताना फाटते. भाकरीला साधं पीठ, उकड काढून.

आता प्रोटीनचं. पाकिटावर पिळदार दंडाचं चित्र असलं तरी नाचणी हे प्रोटीनचं धान्य नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत प्रोटीन सुमारे ७ ग्रॅम, कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम आणि तंतू ११ ग्रॅम आहेत. म्हणजे २५ ग्रॅम पिठात प्रोटीन दोन ग्रॅमही नाही. ते २०० मिली दुधात शिजवलं तर एकूण आठच्या आसपास जातं, कॅल्शियमही सव्वातीनशे मिलिग्रॅमपर्यंत पोचतं. मोठ्या माणसाची कॅल्शियमची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम आहे. दूध नको असेल तर आंबील करा: पीठ पाण्यात शिजवून कोमट होऊ द्या, मग ताक, ठेचलेला लसूण, जिरे, मीठ. गरम पेजेत ताक ओतलं की ते फाटतं. सोबत वाटीभर मटकीची उसळ असली की न्याहारी पुरी झाली, वर लिंबू पिळलं तर लोहही नीट शोषलं जातं. चहा मात्र तासभर लांबच ठेवा.

मधुमेह असणाऱ्यांनी पातळ, गोड पेज टाळलेली बरी. बारीक दळलेलं, आधीच तुटलेलं स्टार्च झपाट्याने पचतं आणि साखर चढते. त्यांना अख्ख्या नाचणीची भाकरी, भाजी आणि उसळ जास्त मानवते.

बचत गटांच्या पाकिटांत पुष्कळदा नाचणी हा एकच घटक असतो, ही त्यांची मोठी जमेची बाजू. तिथे दळल्याची तारीख तेवढी विचारून घ्या. नाचणीत चरबी जेमतेम दोन टक्के, त्यामुळे ती बाजरीच्या पिठासारखी लवकर कडवट होत नाही. बिघडते ती ओलीने. मोड नीट वाळले नसतील तर पीठ मुठीत दाबल्यावर गोळा धरतं आणि कुबट वास येतो. असं पीठ भाजून वापरू नका, टाकून द्या. चिमूटभर दाताखाली घेऊन पाहा. कचकच लागली तर नाचणी नीट चाळली-धुतलेली नाही. पावसाळ्यात पाव किलोच घ्या, आणि डब्यात कोरडाच चमचा घाला.