दर वेळी गॅस भरला, गळती कुणी शोधलीच नाही : ट्रकच्या एसीचा वर्षभराचा अनुभव

२०२४च्या दसऱ्याला बारा टायरी गाडी घेतली, कंपनी फिटेड एसी केबिनची. जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरायची आणि सोलापूर, पुणे, हैदराबाद जिकडचा माल लागेल तिकडे जायचं. एकच गाडी आहे. मी आणि एक ड्रायव्हर, दोघं मिळून चालवतो. गाडीच्या कंपनीचं आणि डीलरचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या असलेल्या मित्रांकडूनही हेच रडगाणं ऐकतोय.

आधी एसीबद्दल. थंडावा उत्तम आहे. जास्तीचे पैसे मोजून एसी केबिन घेतली त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४२-४३ वर जातो, खाली डांबर तापलेलं आणि इंजिन थेट सीटखाली. बिगरएसी गाडीत दुपारी दोनला काच उघडी ठेवली तरी झळा, बंद केली तरी घुसमट. रात्रभर गाडी मारून आलेला माणूस दिवसा अशा केबिनमध्ये झोपतो म्हणजे नुसता पडून राहतो, आणि संध्याकाळी पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. एसी आल्यापासून आमची झोप होते. मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीने चढताना ओढीत थोडा फरक कळतो, डिझेलही थोडं जास्त जातं, पण झोप झालेल्या ड्रायव्हरपुढे तो हिशोब किरकोळ आहे. पावसाळ्यातला फायदा तर मला घेताना माहीतही नव्हता. काचेवर आतून वाफ धरली की एसी लावायचा, मिनिटभरात काच साफ. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्याने हाहाकार केला, तेव्हा त्या पावसात गाडी चालवताना हे फार कामी आलं.

आता दुखणं. पहिला उन्हाळा लागला आणि एप्रिलमध्येच हवा कोमट यायला लागली. पंखा जोरात, पण गारवा नाही. गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडे कान दिला तर त्याला चालू-बंद करणारा क्लच टक्कन बसायचा आणि दोन-चार सेकंदांत सुटायचा, पुन्हा टक्, पुन्हा सुटला. गाडी छत्रपती संभाजीनगरला डीलरच्या वर्कशॉपमध्ये नेली. ॲडव्हायझरने पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "दादा, गॅस संपलाय. भरून देतो, गार पडेल." गार पडलं. बिल हातात आलं, त्यावर गॅस आणि ऑइल दोन्ही माझ्या खिशातून, कारण 'कन्झ्युमेबल, म्हणजे वापरात संपणारा माल, वॉरंटीत येत नाही'. मे उजाडायच्या आत ये रे माझ्या मागल्या.

इथे एक गोष्ट सगळ्या मालकांनी पक्की लक्षात ठेवावी. एसीचा गॅस डिझेलसारखा जळत नाही. माझ्या गाडीत आर-१३४ए आहे, बहुतेक ट्रकमध्ये तोच असतो. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो : कॉम्प्रेसर दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर पडून तो पातळ होतो, ओल शोषणाऱ्या ड्रायरमधून दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हला येतो आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये त्याची वाफ होताना केबिनची उष्णता ओढून घेतो. नव्या गाडीत पहिल्याच उन्हाळ्यात तो इतका कमी झाला, तर कुठून तरी बाहेर पडतोय, दुसरं काही नाही. गळती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. शिवाय कॉम्प्रेसरला लागणारं ऑइल याच गॅसबरोबर फिरतं. गॅस कमी असताना एसी चालत राहिला की ऑइल पोचत नाही आणि कॉम्प्रेसरसारखा महागडा पार्ट कोरडा घासला जातो. दर वेळी 'भरून देतो' म्हणणारा माणूस त्या कॉम्प्रेसरचं आयुष्य खातोय.

मला सर्वांत जास्त राग आला तो जॉब कार्डवर. मी सांगायचो, "एसी गार करत नाही, गॅस कुठून जातो ते शोधा." कार्डवर मात्र लिहिलेलं असायचं : ग्राहकाची तक्रार, गॅस भरणे. म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये दिसणार की हा मालक हौसेने गॅस टॉपअप करून घेतो, दोष काही नाहीच. पुढे कंपनीला मेल केला तेव्हा नेमकं हेच उत्तर आलं, की तुमच्या गाडीवर एसी बिघाडाची नोंदच नाही. तेव्हापासून मी सही करायच्या आधी कार्ड वाचतो आणि माझे शब्द जसेच्या तसे टाकायला लावतो. त्यावरून काउंटरवर वादही झाले. होऊ देत.

मधे एकदा 'कंडेन्सर जाम आहे' म्हणून प्रेशर पंपाने जाळी धुतली. धूळ होती हे खरं. आमच्या रस्त्यांवर धूळ आहे, कापसाच्या हंगामात जाळीला तंतूही चिकटतात. पण जवळून इतक्या जोरात पाणी मारलं की ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या पट्ट्याच्या पट्ट्याने आडव्या झाल्या. आडव्या पातीतून वारा जात नाही, म्हणजे धुतल्यावर जाळी आणखी बिघडली. आणि दुखणं होतं गळतीचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्यानंतर सांगितलं गेलं की एसीचा टेक्निशियन वेगळा असतो, तो पुण्याहून येणार. गाडी लावून ठेवली. आज येतो, उद्या येतो, बाकी गाड्या जमल्या की येतो. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, ड्रायव्हरचा पगार थांबत नाही आणि सळईची पार्टी तर अजिबात थांबत नाही, ती दुसरी गाडी लावते. कारचा एसी बिघडला तर माणूस स्कूटरवर जातो. आमचं पोटच त्या गाडीवर आहे, हे काउंटरच्या पलीकडे कुणाला समजून घ्यायचं नव्हतं.

शेवटी जालन्यात एका जुन्या एसीवाल्या मिस्तरींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी दाब मोजणारं गेज लावलं, काटा पाहिला आणि म्हणाले, "भरायचं नंतर बघू. पळतो कुठून ते आधी बघू." दाब यावा म्हणून सिस्टममध्ये नायट्रोजन सोडला, केबिन पुढे कलवून उचलली आणि साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन एकेक जोड फिरत गेले. इंजिनवरच्या कॉम्प्रेसरपासून केबिनमध्ये जाणारा रबरी पाइप केबिन उचलताना दर वेळी वाकतो. तिथेच, लोखंडी क्लॅम्पच्या काठाला, पाइपवर बोटाएवढा काळा चिकट पट्टा होता. गॅसबरोबर ऑइल झिरपलेलं, त्यावर धूळ बसलेली. चाचांनी तो पुसला, साबण लावला, आणि मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. क्लॅम्पच्या आत रबरी अस्तर, म्हणजे बुश, नव्हतं, त्यामुळे धक्क्यांनी पाइप घासत गेला होता. ज्याने कुणी त्या जागी बॅटरीचा उजेड पाडला असता त्याला तो पट्टा दिसला असता. वर्कशॉपमध्ये इतक्या वेळा गॅस भरताना ती केबिन एकदाही उचलली गेली नव्हती.

चाचांना पाइप बदलू दिला नाही, कारण वॉरंटी चालू होती. बुडबुड्यांचा व्हिडिओ काढला. डीलरकडे दाखवला तर पहिलं वाक्य, "बाहेरच्याने हात लावलाय, आता वॉरंटी जाईल." मी सांगितलं, लेखी द्या. लेखी कुणी दिलं नाही. व्हिडिओ, सगळी बिलं आणि जॉब कार्डं जोडून कंपनीला मेल केला, त्यांच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरला फोन करत राहिलो, तेव्हा कुठे पाइप वॉरंटीत मंजूर झाला.

तोवर पावसाळा लागला होता. जुना पाइप काढायच्या वेळी उरलेला गॅस यार्डातच हवेत सोडून दिला. गॅस ओढून घेणारं रिकव्हरी मशिन शेजारी झाकून ठेवलेलं होतं. हा गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट भारी आहे. उन्हाने होरपळणाऱ्या मराठवाड्यात तरी हे करू नये. पाइप काढल्यावर सिस्टम रात्रभर उघडी राहिली. ओल्या हवेतलं बाष्प आत गेलं की ड्रायर निकामी होतो, म्हणून मी नव्या ड्रायरचा आणि नीट व्हॅक्यूमचा, म्हणजे आतली हवा-बाष्प पंपाने ओढून काढण्याचा, आग्रह धरला. निदान अर्धा तास पंप चालवा, मग पंप बंद करून गेजचा काटा जागेवर राहतो का ते मला दाखवा, आणि गॅस अंदाजाने नको, स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतका वजनकाट्यावर मोजून भरा. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. तेव्हापासून एसी ठणठणीत आहे, ऑक्टोबरचं ऊनही त्यावर निघालं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. निर्णय चांगलाच आहे, ड्रायव्हर माणूस आहे हे त्यात मान्य केलंय. पण एसी आता प्रत्येक नव्या ट्रकमध्ये येणार आणि तो दुरुस्त करणारा हात प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसेल, तर या गाड्या उन्हाळ्यात यार्डांत उभ्या दिसतील. डीलरने एक गळती शोधणारं यंत्र, नायट्रोजनची टाकी आणि ते वापरायला शिकलेला एक पोरगा कायम ठेवावा. मागणं एवढंच आहे.

नवी एसी गाडी घेतलेल्यांनी पहिल्यांदा गॅस कमी झाला की 'गळती तपासली, अमुक ठिकाणी आढळली' किंवा 'आढळली नाही' असं बिलावर लिहून घ्यावं. केबिन उचलताना समोर उभं राहावं. डीलर ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. ट्रक धंद्याचा म्हणून आपण ग्राहक नाही असं कुणी सांगेल, पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निव्वळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. एकच गाडी असलेल्या मालकाने वकिलाला हे नक्की विचारावं.

गळती असताना भरलेल्या गॅसचे पैसे मी परत मागितले आहेत, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा डीलरकडून वाढीव वॉरंटीसाठी फोन आला. एसीचे पाइप, ड्रायर आणि गळतीमुळे गेलेला गॅस त्यात धरलाय का, हे मेलवर कळवा म्हटलं. ते आल्याशिवाय चेक देणार नाही.