वाशीचं फ्लाइट सिम्युलेटर सेंटर: शिकवणारे सर उत्तम, हँडल मात्र हवंच

वागळे इस्टेटमध्ये गेली २२ वर्षं माझं हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. पोकलेन, जेसीबी, क्रेन, सगळं येतं. भाचा बारावी सायन्सला आहे, त्याला पायलट व्हायचंय. म्हणून त्याला घेऊन वाशी स्टेशनजवळच्या या सेंटरला गेलो. इथे खऱ्यासारख्या कॉकपिटमध्ये बसून पडद्यावर विमान चालवता येतं. तासाचे ४,५०० रुपये, दोघांना शेजारी शेजारी बसता येतं.

भाच्याला मुंबई-गोवा करायचं होतं. मी सरांना म्हटलं, चाकं खाली आलीच नाहीत तर काय करतात ते दाखवा. पुढचा पाऊण तास त्यातच गेला.

कॉकपिट एअरबस ए-३२० चं आहे. चाकं खाली-वर करायला ३,००० पीएसआयचं (म्हणजे दर चौरस इंचाला ३,००० पौंड) हायड्रॉलिक प्रेशर, म्हणजे ऑइलचा दाब लागतो. मला वाटलं होतं विमानात काहीतरी अफाट असेल, पण आमच्याकडे येणाऱ्या पोकलेनचं प्रेशर याच्याहून जास्त असतं. आणि प्रेशरच गेलं तर? सर म्हणाले, "काका, दोन सीटच्या मध्ये एक हँडल असतं. ओढायचं आणि तीन वेळा फिरवायचं. लॉक सुटतात, चाकं आपल्या वजनाने खाली येतात." पंप नको, ऑइल नको. सील, म्हणजे ऑइल गळू न देणारी रिंग, कधी दगा देईल सांगता येत नाही, हे मी माझ्या पोरांना रोज सांगतो. ते धरून कुणीतरी विमान बनवलंय हे ऐकून फार बरं वाटलं.

पण इथे ते हँडलच नाही. सर कीबोर्डचं एक बटण दाबतात. एवढे पैसे घेता तर तीन फेरे हाताला कळायला हवेत, हे मी तिथेच बोललो.

नंतर सरांनी २००५ सालची लॉस एंजेलिसची घटना सिम्युलेटरवर लावून दिली. बरबँकहून न्यूयॉर्कला निघालेल्या जेटब्लू या अमेरिकन विमान कंपनीच्या ए-३२० चं पुढचं चाक ९० अंशात आडवं फिरलं होतं. या विमानात इंधन हवेत सोडून द्यायची सोय नाही, त्यामुळे ते जाळण्यासाठी तीनेक तास आकाशातच घिरट्या. प्रवाशांना मागे बसवलं, मागची चाकं आधी टेकवली आणि नाक होईल तेवढं उशिरा खाली आणलं. १४६ जण होते, सगळे सुखरूप. भाच्याने पहिल्यांदा घाईत नाक टेकवलं. सर रागावले नाहीत, पुन्हा वर नेलं. तिसऱ्या वेळी पोराने श्वास रोखून नाक धरून ठेवलं, तेव्हा माझ्याही तळहाताला घाम आला होता. हे शिकवणं पैसे वसूल करणारं आहे. धक्का मात्र काहीच जाणवत नाही, खुर्ची जागची हलत नाही.

सरांनी वॉर्साची गोष्टही सांगितली. २०११ मध्ये लॉट या पोलंडच्या विमान कंपनीचं बोइंग ७६७ चाकांशिवाय पोटावर उतरलं, २३१ जण वाचले. हायड्रॉलिक गेलं होतं, आणि पर्यायी व्यवस्थेचा एक सर्किट ब्रेकर पडलेला होता. नंतर विमान उचलून तो ब्रेकर दाबला तर चाकं खाली आली! मशीन बंद पडलं की आधी फ्यूज बघा, असं आमच्याकडे नव्या पोरालाही सांगतात. पण वर, अडीचशेच्या आसपास जीव पाठीशी असताना ते सुचणं वेगळं. मी त्या पायलटला दोष देणार नाही.

मग मी त्यांना नागपूरची आठवण करून दिली. मे २०२१, हैदराबादला निघालेल्या एअर अॅम्ब्युलन्सचं चाक नागपूरहून उड्डाण घेतानाच निखळलं, मुंबईत रनवेवर फोम पसरून तिला पोटावर उतरवलं. आत पेशंट होता. पाचही जण वाचले. त्या कोविडच्या दिवसांत ती बातमी बघून मी देव्हाऱ्यापुढे दिवा लावला होता.

बाकी, रविवारी जाऊ नका. वेळ घेऊनही आम्हाला २५ मिनिटं थांबावं लागलं. एसी ठीक, पार्किंग नाही.

निघताना त्या हँडलच्या जागेचं माप घेतलं. लेथवर करून देतो म्हटलं, सर हो म्हणाले. पुढच्या शनिवारी बसवायला जातोय, भाचाही येणार आहे.