हिरव्या पायपुसण्याची आरव्ही

आई-बाबा पहिल्यांदाच सांगलीहून अमेरिकेला येणार होते आणि एप्रिलमध्ये त्यांना झायन, ब्राइस कॅन्यन आणि डेथ व्हॅली ही तीन राष्ट्रीय उद्याने दाखवायची, असे आम्ही डॅलसमध्ये बसून ठरवले होते. आईचे गुडघे दुखतात, बाबांना रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते आणि दोघांनाही बाहेरचे खाणे सोसत नाही. त्यामुळे स्वयंपाकघर, शौचालय आणि पलंग सोबत घेऊन फिरणारी गाडी, म्हणजे आरव्हीच सोयीची वाटली. त्या आरव्हीपायी आमचे २,१५० डॉलर गेले. हा व्यवहार कसा घडत गेला ते सविस्तर लिहितो, कारण समोरचा माणूस आम्हाला शेवटपर्यंत लबाड वाटला नाही.

झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमधील जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि वसंत ऋतूतल्या जागा बघता बघता संपतात. ऑक्टोबरमध्ये सकाळी नऊच्या ठोक्याला मी आणि पत्नी दोन लॅपटॉप उघडून बसलो आणि वीजजोडणीची जागा मिळवली. तारखा अशा पक्क्या झाल्या की गाडी त्याच दिवसांत हवी असते. फेब्रुवारीत शोध सुरू केला तेव्हा भाडेकंपन्यांच्या पंचवीस फुटी गाड्या एक तर संपल्या होत्या किंवा दर मैलाचे आणि जनरेटरच्या तासांचे पैसे धरून आवाक्याबाहेर गेल्या होत्या. अशा वेळी जाहिरातींच्या एका संकेतस्थळावर लास व्हेगासमधील खासगी मालकाची गाडी दिसली: पांढरी, अंगावर लाल पट्टा, दाराच्या पायरीशी हिरवे पायपुसणे, रात्रीला १७५ डॉलर. मी पहिल्याच निरोपात आमच्या तारखा आणि वॉचमनचे आरक्षण झाल्याचे लिहून टाकले. आम्ही कुठे अडलो आहोत, हे त्याला मी स्वतःच सांगितले होते.

त्यानंतर महिनाभर तो पैशांबद्दल फारसे बोललाच नाही. झायनहून ब्राइसकडे जाताना लागणारा १९३० सालचा बोगदा अरुंद आहे, गाडी ११ फूट ४ इंच किंवा त्याहून उंच असल्यास तेव्हा परवाना घ्यावा लागे आणि समोरची वाहतूक थांबवून गाडी मधोमध न्यावी लागे, हे त्याने समजावले. ब्राइस सुमारे ८,००० फुटांवर असल्याने एप्रिलमध्येही रात्री पाणी गोठते, म्हणून पाण्याची नळी काढून ठेवा आणि सिंकखालचे कपाट उघडे ठेवा, असेही सांगितले. हे सगळे खरे होते. बाबा म्हणाले, "माणूस माहितगार दिसतोय." माहितगार तो होताच.

मध्यस्थ संकेतस्थळावरून आरक्षण केल्यास दीडशे डॉलर जास्त जातील, म्हणून पैसे बँकेच्या ॲपमधून थेट खात्यात पाठवा, असे त्याने सुचवले. आधी अर्धे भाडे ७०० डॉलर गेले, निघण्याच्या आठवडाभर आधी उरलेले ७०० आणि अनामत ७५०. करार आला, विम्याचा कागद आला, आणि मी ते सगळे एका फाइलीत लावून ठेवले. अलीकडच्या प्रत्येक गाडीला सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक असतो आणि एक-शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत. आमच्या करारावरील क्रमांकात ओ होता. हे मला कळले ते पैसे गेल्यानंतर.

ठरलेल्या दिवशी विमानतळावरून आम्ही चार बॅगा, थालीपिठाची भाजणी, मेथकूट आणि छोटा कुकर घेऊन आरव्ही उभ्या करण्याच्या आवारात पोहोचलो. त्याने दिलेल्या कोडने फाटक उघडेना आणि त्याचा फोन लागेना. आवाराचा व्यवस्थापक बाहेर आला, मी बोलायला सुरुवात केली तोच त्याने विचारले, "पांढरी, लाल पट्ट्याची?" आई बॅगेवर बसून होती, तिला इंग्रजी फारसे कळत नाही, पण तिने काही विचारले नाही.

आम्ही मिनीव्हॅन भाड्याने घेतली, महागड्या मोटेलांत राहिलो आणि डेथ व्हॅली सोडून दिली. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत, ते परत येणार नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बिल आल्यापासून साठ दिवसांत लेखी हरकत घेण्याचा कायदेशीर मार्ग तरी राहिला असता. दीडशे डॉलरांच्या लोभापायी फसलो असे मित्र म्हणतात आणि ते अर्धे खरे आहे. पण तारखा मोकळ्या असत्या तर मी गाडीभोवती फिरून नंबरप्लेट आणि काचेखालचा व्हीआयएन दाखवणारा व्हिडिओ कॉल नक्की मागितला असता, आणि त्याने टाळले असते तर सरळ दुसरी गाडी शोधली असती. तो रागावेल आणि गाडी दुसऱ्याला देईल, या भीतीने मी मागितलाच नाही.

ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे आणि एफबीआयच्या सायबर तक्रार केंद्राकडे तक्रारी नोंदवल्या आहेत. जूनमध्ये मी त्या गाडीचे छायाचित्र इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधून पाहिले, तेव्हा ते एका विक्रेत्याच्या जुन्या जाहिरातीतले निघाले. त्याच शोधात सॉल्ट लेक सिटीतील भाड्याची एक नवी जाहिरातही सापडली, पायरीशी तेच हिरवे पायपुसणे. मी कळवल्यावर ती काढून टाकण्यात आली. आठ दिवसांनी पुन्हा पाहिले, तर गाडी डेन्व्हरला पोहोचली होती आणि भाडे १६५ झाले होते.