डिल्टियाझेम: आमच्या ग्रेट डेनला दिवाळीपासून चालू आहे, त्याचा अनुभव

डिल्टियाझेम ही हृदयाच्या ठोक्यांची गोळी. तिने ठोके आवरतात, ताल जुळत नाही. हे गोळी चालू करण्याआधीच समजून घ्या, म्हणजे पुढे डॉक्टरांशी हुज्जत होत नाही.

बंड्या म्हणजे आमचा कुत्रा, सात वर्षांचा, मुक्काम टिळकवाडी, बेळगाव. दिवाळीत धापा टाकायला लागला. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, ठोके मिनिटाला 220. छातीवर हात ठेवून मांडीच्या आतली नाडी धरली की कळायचं, कित्येक ठोके नाडीपर्यंत पोचतच नव्हते.

या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि तो गोंधळ एव्ही नोडमधून, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या संदेशांच्या नाक्यातून, खाली उतरतो. नोडच्या पेशी कॅल्शियमवर चालतात. डिल्टियाझेम ते आत जाणं रोखतं, म्हणून खाली कमी संदेश जातात. वरची थरथर तशीच राहते. जोडीला डिगॉक्सिन हे ठोके आवरणारं दुसरं औषध आहे. ते हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस नसेमार्फत काम करतं, कुत्रं बिथरलं की त्याचा जोर ओसरतो. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री डॉल्बीने खिडक्या हादरत होत्या, तेव्हा भिस्त डिल्टियाझेमवरच होती. बंड्या पलंगाखाली घुसला, पण धाप लागली नाही.

होल्टरवर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायच्या ईसीजी यंत्रावर, ठोक्यांची 24 तासांची सरासरी आता 118 आहे. 125 च्या खाली राहणारी कुत्री जास्त जगतात असं संशोधनात दिसलंय. दवाखान्याच्या टेबलावरचा आकडा मनावर घेऊ नका, तिथे तो भीतीनेच चढतो.

त्रास आहे तो वेळेचा. साधी गोळी दर आठ तासांनी लागते: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. आईची दुपारची झोप गेली ती गेलीच. सुरुवातीला बंड्याने भाकरीकडेही पाठ फिरवली होती; डॉक्टरांनी डोस उतरवून हळूहळू वाढवला, मग खायला लागला. सुस्ती, उलटी, चालताना झोकांडी दिसली तर फोन करायचा, ठोके फार उतरलेले असू शकतात.

गोळी माणसांच्याच औषधदुकानात मिळते. चिठ्ठीवर वय सात बघून एकाने विचारलं, “एवढ्या पोराला हार्टची गोळी?” एकदा साध्या गोळीऐवजी एसआरची पट्टी हातात पडली. ती सावकाश विरघळणारी, तोडून किंवा कुटून द्यायची नसते. काउंटरवरच परत केली. पट्टी वाचल्याशिवाय पिशवीत टाकू नका.

शेजारचे काका म्हणाले, माझी बीपीची अॅम्लोडिपिन आहे, तीही कॅल्शियम रोखणारीच ना? गटात आहे, पण तिचं काम रक्तवाहिन्यांवर. एव्ही नोडला ती जवळपास शिवत नाही. बीपी उतरेल आणि ठोके उलट वाढतील. काकांची पट्टी काकांनाच ठेवली.