मेंदूची गाठ: काचेवरची तपासणी की जनुकांची?

खानापूर-निपाणीकडच्या पेशंटची गाठ बेळगावात काढली, की आधी हाती येतो सूक्ष्मदर्शकाखालचा रिपोर्ट. पेशींचा आकार, वाढीचा वेग, मध्ये मेलेला भाग आहे का, हे त्यात कळतं. खर्चही झेपणारा. ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा या मेंदूच्या गाठीच्या पेशी तर हाफ-फ्राय अंड्यासारख्या दिसतात. गंमत म्हणजे भोवतीचं पांढरं कडं गाठीचा तुकडा टिकवायला फॉर्मॅलिन या द्रावात ठेवल्यामुळे पडतं, जिवंत पेशीत ते नसतंच!

पण नुसत्या दिसण्यावर आता भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा हे नाव द्यायला आयडीएच जनुकात बदल हवा, शिवाय १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे भाग गळालेले हवेत. उलट मोठ्या माणसाची काचेवर सौम्य वाटणारी आजूबाजूला पसरणारी अ‍ॅस्ट्रोसायटिक (मेंदूतल्या ताऱ्यासारख्या आधारपेशींची) गाठ, आयडीएच बदल नसताना टर्ट या जनुकात बदल सापडला, तर थेट ग्रेड ४ ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे सगळ्यात आक्रमक दर्जाची गाठ ठरते. उपचारच पालटतात.

तरी सरसकट, एकदम अनेक जनुकं तपासणाऱ्या महागड्या पॅनेलच्या मी विरोधात आहे. आधी आयडीएचचं आयएचसी (काचेवरच रंग लावून बदललेलं प्रथिन ओळखणारी तपासणी), मग डॉक्टर म्हणतील ते. मात्र गाठीचा तुकडा ज्यात जपतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्याच. तो कुरिअरने पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला जातो, त्यासाठी पेशंटला रेल्वेत बसवावं लागत नाही.