फियाट ११०० डिलाइट : पुण्याजवळच्या एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

जुन्या गाडीला झगझगीत रंग मारून ती नव्यासारखी करून देणारी गॅरेजे पुण्यात पुष्कळ आहेत. गाडीचा मूळ भाग जोवर दुरुस्त होऊ शकतो तोवर बदलायचा नाही, असा आग्रह धरणारे गॅरेज मात्र मला भोसरीत मिळाले आणि आमच्या घरातील १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट मी त्यांच्याकडे सोपवली. मालक एका वेळी दोनच गाड्या घेतात आणि त्यांना प्रसिद्धी नको आहे, म्हणून गॅरेजचे नाव येथे देत नाही.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली ही गाडी म्हणजे इटलीतील फियाट ११०० डी होय. आपल्याकडे जिला डुक्कर फियाट म्हणत, त्या गोलसर गाडीनंतरची ही चौकोनी पिढी. १९७४ मध्ये तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे इंजिन आणि खालची बहुतेक यंत्रणा दोन्हींत सारखीच असल्यामुळे पद्मिनीचे सुटे भाग डिलाइटला सहज बसतात आणि नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात थोडी शोधाशोध केली की ते मिळतातही. या सोयीनेच डिलाइटचे नुकसान केले आहे, कारण गेल्या काही दशकांत हाताशी आला तो भाग बसवत गेल्याने आज दिसणाऱ्या बऱ्याच डिलाइट निम्म्या पद्मिनी झालेल्या असतात. आमच्या गाडीवरही ग्रिल पद्मिनीची होती आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनामोच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर आला होता. गॅरेजने कामाला हात लावण्यापूर्वी गाडीचा एकेक भाग तपासून कोणता मूळचा, कोणता नंतरचा आणि कोणता नक्कल केलेला, अशी लेखी यादी करून दिली. इतक्या बारकाईची यादी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पत्र्याचे काम हे या गॅरेजचे खरे बलस्थान आहे. या गाडीला वेगळी चासी नसते. सगळा भार बॉडीच पेलते, त्यामुळे दरवाज्याखालचा पत्रा किंवा फ्लोअर गंजला तर गाडीची ताकदच कमी होते. अनेक ठिकाणी अशा गंजावर पुटी भरून वर रंग मारतात आणि दोन पावसाळ्यांत तो फुगून वर येतो. येथे जुनी पुटी पूर्ण खरवडून, सडलेला तेवढाच पत्रा कापून, त्याच जाडीचा तुकडा हाताने घडवून जोडला गेला, आणि तो जोड रंग लावण्यापूर्वी मला बोलावून दाखवण्यात आला. दरवाजे बसवल्यावर चारही बाजूंची फट एकसारखी येईपर्यंत कारागीर ते पुन्हा पुन्हा काढत आणि लावत राहिले.

मझाक या जस्ताच्या मिश्रधातूच्या भागांबाबतही त्यांचा हात सराईत आहे. दरवाज्यांच्या मुठी, नावाची अक्षरे, दिव्यांच्या कडा हे सारे मझाकचे असते आणि क्रोमखाली त्याला बारीक फोड येऊन खड्डे पडतात. साधा प्लेटिंगवाला ते बफवर घासून सपाट करतो. त्यात अक्षरांची धार जाते आणि भाग पातळ होऊन मोडतोही. येथे प्रत्येक खड्डा स्वतंत्रपणे साफ करून तांब्याचे थर चढवले गेले, ते घासून समतल केले आणि मगच निकेल व क्रोम दिले. या कामाला नव्या नकली मुठींच्या कितीतरी पट खर्च आला, पण मूठ हातात घेतल्यावरच दोहोंतला फरक कळतो.

इंजिनाचे काम व्यवस्थित झाले. ब्लॉक बोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर किंचित रुंद कोरून, ओव्हरसाइज पिस्टन घातले, अ‍ॅल्युमिनियमचे हेड सपाट करून घेतले आणि इंजिन क्रमांकाला धक्का लावला नाही. ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हीए’ या व्हिंटेज गाड्यांच्या मालिकेत नोंदणी करता येते, परंतु चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी त्यात अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी मात्र काढता येत नाही.

आता उणिवा. सीटचे काम बाहेरच्या माणसाकडे दिले जाते आणि त्याने वापरलेले रेक्झिन जुन्या पोतापेक्षा फारच गुळगुळीत आहे. वायरिंग सुरक्षित असले तरी रंगीत प्लॅस्टिकच्या नव्या तारा बॉनेट उघडताच डोळ्यांत भरतात. पत्र्याच्या बाबतीत इतके काटेकोर असणाऱ्यांनी येथे सूट का घ्यावी, हे मला उमगलेले नाही. रंग ड्युकोचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लॅकरचा, न देता पीयूचा (पॉलियुरेथेनचा) दिला. तो टिकेल यात शंका नाही, पण त्या काळच्या गाडीला न शोभणारी ओली चकाकी त्यातून आली आहे. खर्च मूळ अंदाजाच्या दीडपटीवर गेला. गंज उघडा पडल्यावर काम वाढते हे मान्य केले तरी वाढीव रकमेची कल्पना बिलाआधी द्यायला हवी होती. मुदतीविषयी न बोललेले बरे.

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतून पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाल्याने तिच्या सुट्या भागांची मागणी आणि पुरवठा दोन्ही आटत जाणार, म्हणून ज्यांना गाडी तिच्या मूळ भागांसह राखायची आहे त्यांना मी हे गॅरेज निःसंकोचपणे सुचवीन. ज्यांना केवळ लग्नाच्या वरातीत मिरवायला गाडी हवी आहे, त्यांनी येथे पैसा आणि वेळ घालवू नये. काम देताना सीटचे कापड स्वतः निवडून द्यावे, रंगाचा प्रकार लेखी ठरवावा आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, कितीही निकामी वाटला तरी, परत मागून घ्यावा.